उजेड पडत असतानाच होणारा हिशेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत फिल्म कॅमेऱ्यांच्या पुनरागमनावर आलेला लेख आमच्या बडोद्यात बऱ्याच जणांनी वाचला आणि त्याचे कात्रण ओळखीच्या मंडळींनी मलाही आणून दिले, कारण कॅमेरे दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले आहे. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि रोल धुण्याविषयीचा भाग तर नवख्यांनी हाताशी ठेवावा असा उतरला आहे. माझा आक्षेप आहे तो टीटीएल (थ्रू द लेन्स, म्हणजे लेन्समधून आत आलेला उजेड मोजून चालणाऱ्या) फ्लॅशवरील चौकटीला. तिथे म्हटले आहे की, कॅमेरा प्रथम समोरच्या वस्तूचे अंतर आणि उजेड मोजतो, त्यावरून फ्लॅशने किती उजेड टाकावा याचा आकडा काढतो आणि मग त्या आकड्याप्रमाणे फ्लॅश उडवतो. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांचे हे वर्णन बरेचसे बरोबर आहे. पण लेखासोबत ज्या कॅमेऱ्यांची छायाचित्रे छापली आहेत, त्या ऑलिंपस ओएम-२, निकॉन एफ३ आणि मिनोल्टा एक्स-७०० यांच्यात असे काही घडत नाही. हे कॅमेरे फ्लॅशने किती उजेड टाकायचा हे आधी ठरवतच नाहीत. ते फ्लॅश पेटू देतात, फिल्मवर पडणारा उजेड पडत असतानाच मोजतात आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतात. फरक वरवर तपशिलाचा वाटतो, पण या कॅमेऱ्यांवर फ्लॅशचे फोटो कधी साधतात आणि कधी बिघडतात हे त्याच्यावरच ठरते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीटीएलपूर्वी फ्लॅशचा हिशेब छायाचित्रकारालाच करावा लागे. आमच्या बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात अॅग्फाचा क्लिक-३ तयार होत असे आणि त्या काळच्या कितीतरी घरांतला तो पहिला कॅमेरा होता. त्यात प्रकाशमापक नव्हताच; फ्लॅश लावायचा तर माणसे किती अंतरावर उभी आहेत याचा अंदाज बांधायचा आणि रोलच्या दमावर बाकीचे सोडून द्यायचे. चांगल्या कॅमेऱ्यावर काम करणारे गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, पाठ ठेवत; त्याला अंतराने भागले की लेन्सच्या छिद्राचे माप, म्हणजे अॅपर्चर, मिळे. फ्लॅशचा गाइड नंबर ३२ असेल, तर चार मीटरवरच्या माणसासाठी एफ/८ आणि आठ मीटरवरच्या माणसासाठी एफ/४ ठेवायचे, कारण अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो. लग्नाच्या मांडवात पंगत चालू असताना पुढे-मागे सरकत हा भागाकार दर फोटोला करायचा आणि वर बल्ब किंवा बॅटरी सांभाळायची, ही त्या छायाचित्रकारांची रोजची कसरत होती.

ही कसरत बऱ्याच अंशी संपवली ती फ्लॅशगनच्याच तोंडाशी बसवलेल्या डोळ्याने. व्हिव्हिटार २८३ सारख्या ऑटो गन अनेकांनी वापरल्या आहेत. अशा गनच्या पुढच्या बाजूला एक प्रकाशसंवेदी घटक असतो. तो समोरून परतणारा उजेड मोजतो आणि ठरलेले माप झाले की थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच नळीकडे जाणारा प्रवाह तोडतो. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज तशीच शिल्लक राहते आणि पुढचा फोटो लगेच काढता येतो. व्यवस्था उत्तम होती आणि माझ्या मते साध्या लेन्सवर, समोरून मारलेल्या फ्लॅशसाठी ती आजही पुरेशी आहे. तिची अडचण एवढीच की, गनचा डोळा आणि कॅमेऱ्याची लेन्स या दोन वेगळ्या जागा आहेत. लेन्सचे छिद्र तुम्ही किती ठेवले आहे हे गनला कळत नाही, म्हणून गनवर लिहिलेल्या दोन-तीन अॅपर्चरपैकीच एक निवडावे लागते. लेन्सवर गडद फिल्टर चढवला, लांब पल्ल्याची लेन्स लावून फक्त एका चेहऱ्यावर रोखली, किंवा लेन्स पुढे सरकवणारा भाता लावून अंगठीचा जवळून फोटो घेतला, तर गन मोजते एक आणि फिल्मवर पडते दुसरेच.

यावर तोडगा म्हणून मोजणारा डोळाच कॅमेऱ्यात न्यायचा आणि तोही थेट फिल्मकडे तोंड करून बसवायचा, ही कल्पना विक्रीच्या कॅमेऱ्यात प्रथम आणली ती ऑलिंपसने, १९७५ च्या ओएम-२ मध्ये. या मालिकेचे रचनाकार योशिहिसा माइतानी यांचे नाव छायाचित्रणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. ओएम-२ ची लेन्स काढून आरसा वर उचलला, तर आरशाच्या पेटीच्या तळाशी मागच्या बाजूला, म्हणजे फिल्मच्या दिशेला, तिरके वळवलेले दोन छोटे सिलिकॉन सेल दिसतात. फोटो घेताना आरसा उचलला जातो, शटरचा पडदा सरकतो, लेन्समधून आलेला उजेड फिल्मच्या फिकट पृष्ठभागावर पडतो आणि त्यातला काही भाग तिथून उलटून या सेलवर येतो. फ्लॅश नसतानाही हा कॅमेरा याच पद्धतीने काम करतो. शटर इतके जलद असेल की फिल्म एकाच क्षणी पूर्ण उघडी पडत नाही, तेव्हा हे सेल पहिल्या पडद्यावरून परतणारा उजेड मोजतात. त्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जी विस्कळीत नक्षी छापलेली दिसते, ती फिल्मइतकाच उजेड परत यावा म्हणून मुद्दाम आखलेली आहे. माझ्याकडे येणारी ललितकलेची मुले ती पाहून पडद्याला बुरशी आली का असे विचारतात.

आता फ्लॅशच्या त्या क्षणात काय होते ते पाहू, कारण चौकटीतील चूक इथेच आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्टची वीज भरलेली असते. पडदा पूर्ण उघडला की हॉट शूमधल्या (फ्लॅश बसवायच्या कॅमेऱ्यावरच्या खाचेतल्या) मधल्या संपर्कातून कॅमेरा फ्लॅशला उडण्याचा इशारा देतो आणि झेनॉन नळी पेटते. फ्लॅश पूर्ण जळू दिला, तर सर्वसाधारण गनमध्ये तो साधारण एक हजारांश सेकंद टिकतो. शटर मात्र साठांश सेकंद उघडे असते, म्हणजे फ्लॅशच्या मानाने कॅमेऱ्याकडे सवड भरपूर असते. नळी पेटताच फिल्मवरून परतलेला उजेड सेलवर पडतो, सेलमधून त्या प्रमाणात अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो आणि तो एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठत जातो. नळाखाली कळशी भरावी तसे हे आहे: धार जोरात असो की बारीक, कळशी काठोकाठ झाली की नळ बंद करायचा, एवढेच कॅमेऱ्याला ठाऊक असते. कळशी केवढी धरायची हे तुम्ही फिल्मच्या वेगाच्या चकतीवर लावलेला आयएसओ, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, सांगतो. कपॅसिटरवरचा दाब त्या पातळीला पोहोचला की तुलना करणारे मंडल (सर्किट) हॉट शूमधल्या दुसऱ्या, खास संपर्कातून इशारा पाठवते आणि फ्लॅशमधला थायरिस्टर नळी विझवतो. वस्तू जवळ असेल आणि छिद्र मोठे असेल, तर फ्लॅश सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर तुटतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही उजेड क्षणभराचेच वाटतात.

या सगळ्यात अंतर कुठेच मोजलेले नाही हे वाचकांच्या ध्यानात येईल. अॅपर्चरही कॅमेऱ्याने फ्लॅशला कळवलेले नाही, कारण कळवण्याची गरजच नाही: उजेड ज्या छिद्रातून आत येतो त्याच छिद्रातून आलेला तो मोजला जातो. एफ/४ च्या जागी एफ/८ ठेवले, तर आत येणारा उजेड चौथाई होतो आणि फ्लॅश आपोआप चौपट उजेड देईपर्यंत जळत राहतो. फिल्टर लावला, तर फिल्टरमधून आलेलाच उजेड मोजला जातो. जवळच्या छायाचित्रणात याचा खरा लाभ कळतो. भाता किंवा नळकांडी लावून वस्तू फिल्मवर मूळ आकाराइतकी आणली, की लेन्स फिल्मपासून दुप्पट लांब जाते आणि उजेड दोन स्टॉपने, म्हणजे चौथाईपर्यंत, उतरतो. दागिन्यांचे, नाण्यांचे, कीटकांचे फोटो काढणारे लोक पूर्वी याची कोष्टके करून ठेवत आणि तरीही एका फोटोसाठी तीन-चार वेगवेगळी एक्स्पोजर देत. टीटीएलने ती कोष्टके अडगळीत टाकली. संग्रहालयातील नाणी किंवा जुन्या पोथ्यांवरील चित्रे फिल्मवर उतरवणाऱ्यांना ज्या एका सोयीसाठी हे महागडे कॅमेरे परवडले, ती हीच.

एक मर्यादा मात्र या पद्धतीला जन्मापासून आहे: कॅमेरा फक्त थांब म्हणू शकतो, आणखी दे असे म्हणू शकत नाही. फ्लॅशची सगळी वीज संपली आणि कळशी अर्धीच भरली, तर फोटो काळपट येणार आणि त्यावर कॅमेऱ्याकडे काही उपाय नाही. म्हणूनच निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांत फोटो झाल्यावर व्ह्यूफाइंडरमधला फ्लॅशचा दिवा काही क्षण उघडझाप करतो. याचा अर्थ फ्लॅश पूर्ण जळला आणि उजेड कदाचित कमी पडला. नवखी मुले या उघडझापीला फ्लॅश पुन्हा तयार होत असल्याची खूण समजतात आणि तसाच पुढचा फोटो घेतात. तसे न करता छिद्र मोठे करावे किंवा दोन पावले पुढे जावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सेल फिल्मवर पडलेला उजेड मोजतो, पण तो उजेड चेहऱ्यावरून आला की कापडावरून, हे त्याला सांगता येत नाही. त्याची मांडणी अशी असते की, चौकटीच्या मध्यभागाला जास्त वजन मिळते आणि मध्यभागी जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो गृहीत धरतो. आपल्याकडच्या लग्नात याचा पुरेपूर प्रत्यय येतो. मंगलाष्टके चालू असताना बाजूने फोटो घेतला, तर चौकटीच्या मधोमध असतो पांढरा अंतरपाट आणि वधूवरांचे चेहरे दोन कडांना. अंतरपाटावरून उजेडाचा लोट परततो, कळशी झटकन भरते, फ्लॅश वेळेआधी तुटतो आणि दोघांचेही चेहरे निगेटिव्हवर पातळ उतरतात. प्रिंट ओढून काढली तरी त्यावर करडी मळकट छटा आणि दाणे राहतात. जाणता छायाचित्रकार अशा वेळी ओएम-२ ची सुधारणा चकती (उजेड मुद्दाम कमी-जास्त करण्याची) अधिक एकवर नेऊन ठेवतो. पण पुढच्या क्षणी शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट खाली ओढला जातो आणि मधोमध उरते ते दोघांच्या मधले मोकळे अंतर आणि त्यामागचा काळोखा मांडव. आता मधल्या भागातून काहीच परत येत नाही, सेल वाट पाहत राहतो, फ्लॅश गरजेहून जास्त जळतो आणि त्यात चकती अजून अधिक एकवरच असली, तर हार घालण्याचा तो मोलाचा फोटो पांढराफटक जळतो. म्हणजे चकती उणे बाजूला फिरवायला हाताशी असतो तो मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीएवढा वेळ. या कामातल्या जुन्या मंडळींची बोटे चकतीवर न बघता चालत, ती याचसाठी.

बडोद्याच्या गरब्यात हीच अडचण उलटसुलट होऊन येते. नवरात्रीत मैदानावर रात्री खेळणाऱ्या एका मुलीवर कॅमेरा रोखला की तिच्यामागे मैदानाचा अंधार पसरलेला असतो आणि सेल त्या अंधारासाठी फ्लॅश जाळत ठेवतो, चेहरा जळतो. मात्र तिची चणिया-चोळी आरशांच्या भरतकामाची असेल आणि एखादा आरसा नेमका फ्लॅश परतवील अशा कोनात आला, तर त्या एका लखलखत्या ठिपक्याने कळशी भरते आणि चेहरा अंधारातच राहतो. मुलगी गिरकी घेत असल्यामुळे कोणत्या क्षणी यातले काय होईल हे सांगता येत नाही. म्हणून गरब्यात टीटीएल बंद करून गन ठराविक शक्तीवर ठेवावी आणि अंतर राखून काम करावे, असा माझा सल्ला असतो. लेखात टीटीएलला ‘चिंता नको’ असे म्हटले आहे. गरब्याच्या बाबतीत मला ते मान्य नाही.

निगेटिव्हवर काम करणाऱ्यांना या चुका काही प्रमाणात पचतात. रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन स्टॉप जास्त उजेड सहज सहन करते, कमी उजेड मात्र फारसा करत नाही. स्लाइड फिल्मला अर्धा स्टॉपही जड जातो. त्यामुळे स्लाइडवर फ्लॅश वापरणाऱ्याने प्रत्येक चौकटीत मध्यभागी काय आहे हे पाहूनच बोट दाबावे.

दिवसा उन्हात चेहऱ्यावरची सावली भरण्यासाठी फ्लॅश वापरण्याचा जो मोह लेखात सुचवला आहे, त्याबद्दल एवढेच म्हणेन की, ओएम-२ किंवा एक्स-७०० वर तो बहुधा निराशा करील. पडदा पूर्ण उघडण्यासाठी या कॅमेऱ्यांना साठांश सेकंदाहून जलद जाता येत नाही आणि १०० आयएसओच्या रोलवर भर उन्हात एफ/१६ ला साधारण शंभरांश ते सव्वाशेअंश सेकंद हवा असतो. म्हणजे फ्लॅश उडण्यापूर्वीच फोटो जळण्याच्या वाटेवर असतो. १९८३ च्या निकॉन एफई२ मध्ये टीटीएल फ्लॅश अडीचशेअंश सेकंदाला चालू लागला, तेव्हा ही अडचण बरीच हलकी झाली.

इथून पुढचा इतिहास लेखात दोन ओळींत गुंडाळला आहे आणि गोंधळ बहुधा तिथूनच शिरला आहे. १९८० मध्ये निकॉन एफ३ आणि पेंटॅक्स एलएक्स, १९८१ मध्ये मिनोल्टा एक्स-७०० असे एकामागून एक कॅमेरे आले आणि सर्वांनी फिल्मवरून परतणाऱ्या उजेडाचीच पद्धत घेतली. कॅननने १९८६ च्या टी९० मध्ये ए-टीटीएल आणली; तीत मुख्य फ्लॅशच्या आधी एक छोटा उजेड टाकला जातो हे खरे, पण त्यावरून ठरते ते मुख्यतः अॅपर्चर. फ्लॅश कधी तोडायचा हे तिथेही फिल्मच सांगते. निकॉनच्या १९९२ च्या एफ९० मध्ये सेलचे पाच भाग झाले. आरसा वर गेल्यावर आणि पडदा उघडण्याआधी या कॅमेऱ्याचा फ्लॅश अगदी बारीक चाचणी-उजेड टाकतो, तो बंद पडद्यावरून परतून सेलवर येतो आणि लेन्सने कळवलेले अंतर जोडीला घेऊन कॅमेरा ठरवतो की पाचपैकी कोणत्या भागांकडे लक्ष द्यायचे आणि कोणाकडे दुर्लक्ष करायचे. अंतरपाटाच्या आणि आरशांच्या त्रासावर मला माहीत असलेला फिल्म काळातला सर्वांत चांगला उपाय तो हाच. तरीही शेवटचा निर्णय फिल्मवर उजेड पडत असतानाच होतो, हे विसरता कामा नये.

आपल्या चौकटीतील वर्णन ज्याला तंतोतंत नसले तरी बरेच जुळते, ती पद्धत म्हणजे कॅननची १९९५ ची ई-टीटीएल, जी ईओएस ५० या फिल्म कॅमेऱ्यातच प्रथम आली. तिथे आरसा खाली असतानाच चाचणी-उजेड टाकून तो व्ह्यूफाइंडरच्या बाजूच्या मापकाने मोजतात, मुख्य फ्लॅशची शक्ती त्याच वेळी ठरवून टाकतात आणि पडदा उघडल्यावर फिल्मकडे बघतही नाहीत. म्हणजे फिल्म कॅमेऱ्यांपैकी काहींना ते वर्णन लागू पडते, मात्र ते त्यांच्या अखेरच्या काळातले. डिजिटल कॅमेरे आल्यावर हाच मार्ग बहुतेकांना घ्यावा लागला, कारण सेन्सरवरची काच फिल्मसारखी उजेड विखरून परत पाठवत नाही. १९९९ च्या निकॉन डी१ ने म्हणून बंद पडद्यावरून आधीच मोजण्याचा मार्ग धरला. मला वैयक्तिकरीत्या जुनी पद्धत अधिक नेटकी वाटते. तिच्यात भाकीत नाही, आणि चाचणी-उजेडाने डोळे मिटलेल्या आजीबाईंचे फोटोही नाहीत. दुसऱ्या टोकाला लावलेल्या, मुख्य फ्लॅशचा उजेड दिसला की उडणाऱ्या गनसुद्धा चाचणी-उजेडाने वेळेआधी उडून बसतात. जुन्या टीटीएलमध्ये तो घोळ होत नसे आणि तारेने जोडलेल्या दोन-तीन गन असल्या तरी सेल सगळ्यांचा मिळून उजेड मोजून सगळ्यांना एकदमच तोडत असे.

जुना कॅमेरा आणि फ्लॅश विकत घेणाऱ्यांसाठी लेखात तपासणीची जी रीत दिली आहे, ती याच गैरसमजामुळे फसवी झाली आहे. दुकानात रोल न घालता फ्लॅश उडवून पाहावा असे तिथे सुचवले आहे. पण रोल नसताना सेलसमोर फिल्म नसते, मागच्या झाकणावरची काळी दाबपट्टी असते. तिच्यावरून फारसे काही परत येत नाही आणि चांगला कॅमेराही फ्लॅश पूर्ण जाळून मोकळा होतो. गिऱ्हाईक मग कॅमेरा बिघडलेला समजून परत ठेवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे फ्लॅश लख्ख उडाला म्हणून सगळे ठीक आहे असे मानून पैसे देते. त्याऐवजी वाया गेलेल्या, न धुतलेल्या रोलचा तुकडा नेहमीच्या जागी बसवून झाकण लावावे, ओएम-२ असेल तर कॅमेरा ऑटोवर ठेवावा, छिद्र पूर्ण उघडावे आणि दोन-तीन हात अंतरावरच्या फिक्या भिंतीवर फ्लॅश मारावा. उजेड मंद पडला पाहिजे आणि गनचा तयार-दिवा जवळपास लगेच लागला पाहिजे. नंतर लेन्सचे झाकण लावून पुन्हा फ्लॅश मारावा. आता सेलला काहीच मिळत नाही, म्हणून फ्लॅश पूर्ण जळतो आणि वीज पुन्हा भरताना गनमधून येणारी ती बारीक शिट्टी काही सेकंद ऐकू येते. दोन्ही वेळा शिट्टी सारखीच लांबली, तर टीटीएलचा इशारा कुठेतरी तुटलेला आहे. बहुतेक वेळा दोष हॉट शूच्या काळवंडलेल्या संपर्कात असतो आणि पेन्सिलीच्या खोडरबराने घासून तो जातो. ओएम मालिकेतली वेगळी होणारी शू तडकलेली नाही ना, हेही पाहावे. कधीकधी आरशाच्या आदळण्याला अडवणारा जुना फोम चिकट होऊन सुटतो आणि त्याचे कण खाली सेलवर बसतात. मग मीटर कमी वाचतो आणि फोटो सतत जळत राहतात. तो कण स्वतः खरवडायला जाऊ नये, कारण सेलभोवतीच्या तारा नाजूक असतात.

शेवटी फ्लॅशगनच्या व्होल्टेजबद्दल, जे लेखात अजिबात नाही. जुन्या व्हिव्हिटार २८३ च्या काही नगांत कॅमेऱ्याच्या संपर्कावर दोनशेहून अधिक व्होल्ट येतात. यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्याला ते सोसते, पण इलेक्ट्रॉनिक मंडले असलेल्या कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मंडलाचा त्याने जीव जाऊ शकतो. तसेच प्रत्येक कंपनीच्या खास संपर्कांची जागा आणि कामे वेगवेगळी असल्यामुळे एकाची टीटीएल गन दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसली, म्हणजे चालली असे होत नाही. नुसत्या ‘टीटीएल’ अशा चिठ्ठीवर विकल्या जाणाऱ्या गन घेण्याआधी ती कोणत्या कॅमेऱ्यासाठी आहे हे विचारावे आणि मीटरने संपर्कावरचे व्होल्टेज मोजून घ्यावे. आपल्या लेखमालेचा पुढचा भाग जुन्या फ्लॅशच्या खरेदीवर येणार असल्याचे जाहीर झाले आहे. त्यात या दोन गोष्टींचा आणि वरील तपासणीच्या रीतीचा समावेश करावा, तसेच त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त कॅमेरा-दुरुस्ती कारागीर)
दांडिया बाजार, वडोदरा